परत बोलावलेली मोटारसायकल

यंत्र बिघडलें म्हणजे मालकानें तें दुरुस्तीस न्यावें, हा नित्याचा व्यवहार होय. परंतु सुरळीत चाललेलें यंत्र कारखानदारानेंच परत मागवावें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. २०२१ सालच्या मे महिन्यांत रॉयल एन्फिल्ड कंपनीनें नेमकें हेंच केलें. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ ह्या काळांत तयार झालेल्या मीटिऑर, क्लासिक व बुलेट जातींच्या सुमारें २,३७,००० मोटारसायकली तिनें तपासणीकरितां बोलावल्या. दोष होता इग्निशन कॉइलमध्यें.

ही कॉइल म्हणजे एकाच लोखंडी गाभ्याभोंवतीं गुंडाळलेलीं तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं. पहिलें जाड तारेचें व थोड्या फेऱ्यांचें; दुसरें केसासारख्या बारीक तारेचें व हजारों फेऱ्यांचें. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्टांचा. पण पहिल्या वेटोळ्यांतील प्रवाह एकाएकीं तुटला कीं दुसऱ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो आणि प्लगमध्यें ठिणगी पडते. एवढा दाब आंवरून धरण्याचें काम तारेभोंवतींच्या रोधक आवरणाचें. तें कोठें उणें पडलें तर वीज आडवाटेनें निघून जाते: ठिणगी चुकते, इंजिनाचा जोर कमी होतो, आणि क्वचित् प्रसंगीं शॉर्ट सर्किट होतें. कंपनीच्या निवेदनांतहि हेच परिणाम सांगितले होते.

शंभरांत दहांहूनहि कमी गाड्यांची कॉइल बदलावी लागेल, असा कंपनीचा अंदाज होता. मग सर्वच गाड्या कां बोलावल्या? कारण हा दोष वरून दिसत नाहीं. सदोष गाडी कोणती, हें तपासल्यावांचून कळत नाहीं. आणि तें रस्त्यावर कळण्याची किंमत मोठी असते. हिंगोलीच्या बाजारांतून सेनगांव किंवा कळमनुरीकडील खेड्याला रात्रीं परतणाऱ्या स्वाराची गाडी मागून ट्रक येत असतां बंद पडली, तर दोष शोधण्यास अवधि राहत नाहीं.

पूर्वीं असें परत बोलावणें कारखानदारांच्या स्वेच्छेवर सोंपविलेलें होतें. २०१२ सालीं त्यांच्या संघटनेनें त्यासाठीं एक संकेत घालून दिला. पुढें २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत ११०-अ हें कलम आलें व त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आंतील वाहनांविषयीं तक्रारी ठराविक संख्येस पोंचल्या, तर चौकशी करून सरकार तीं वाहनें परत बोलावण्याचा हुकूम देऊं शकतें. दुरुस्तीचा खर्च कारखानदाराचा. शिवाय १० लाखांपासून १ कोटि रुपयांपर्यंत दंड.

तथापि कायदा मालकापर्यंत पोंचतो तो दप्तरांतील पत्त्यावरून. 'एमएच ३८' क्रमांकाची गाडी हिंगोलींत नोंदली गेली, नंतर दोन हातांतून फिरली आणि नांव मात्र पहिल्याच मालकाचें राहिलें, तर सूचनाहि त्याच्याच घरीं जाते. म्हणून जुनी गाडी घेतांना नोंद आपल्या नांवावर करून घ्यावी, आणि चॅसिस क्रमांक सांगून तिची अशी कांहीं दुरुस्ती राहिली आहे काय, हें कंपनीच्या अधिकृत केंद्रांत विचारावें. फ्यूज वारंवार जात असेल, तर त्याच्या जागीं जाड तार बसवूं नये. फ्यूज जळतो तो तारा जळूं नयेत म्हणून.