गोधडीच्या सरळ ओळी

नागपूरची थंडी फार दिवस मुक्काम करीत नाही. पण येते तेव्हा कुणाची भीड ठेवत नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथला पारा साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता. अशा दिवसांत माळ्यावरच्या, दिवाणातल्या गोधड्या खाली येतात आणि गच्चीच्या कठड्यांवर ऊन खात पडतात. त्या वेळी एखादी गोधडी जवळ जाऊन नीट पाहावी. आधी डोळ्यांत भरतात ते रंगीत तुकडे. कुणाचा परकर, कुणाचा सदरा, कुणाच्या लग्नातल्या साडीचा पदर! पण गोधडीला गोधडीपण येते ते तुकड्यांमुळे नव्हे, दोऱ्यांमुळे. दोरा नसेल तर तो नुसता चिंध्यांचा ढीग. एकावर एक पडलेल्या पाच-सात थरांना 'आता तुम्ही एक आहात' असे बजावणारा साधा धावदोरा हाच तिचा प्राण.

अलीकडे पुन्हा घरी गोधड्या शिवण्याची हौस वाढली आहे. नातवंडांसाठी दुपटे शिवणाऱ्या आज्या तर आहेतच. पण नोकरी करणाऱ्या मुलीही सुट्टीच्या दिवशी सुई घेऊन बसतात. त्यांचा पहिला प्रश्न हमखास असतो, 'डिझाइन कोणतं घालू?' फुले, वेल, कोयऱ्या अशी स्वप्ने त्यांच्या डोळ्यांत असतात. मी तीसेक वर्षे हे काम करते आहे. माझे उत्तर ऐकून त्यांचा चेहरा जरा उतरतो. मी सांगते, सरळ ओळी घाला. सरळ ओळ म्हणजे ज्याला काही येत नाही त्याने करायची गोष्ट, असा एक गैरसमज आहे. खरे तर वेल चुकली तरी वेलच दिसते. सरळ ओळ चुकली की लपायला जागा नसते.

ओळ सरळ, पण वाट कोणती?

सरळ ओळी म्हणजे काही एकच नक्षी नव्हे. पहिला प्रकार उभ्या समांतर ओळींचा. गोधडीच्या लांबीने दोरे जातात, काठाशी समांतर. दुसरा चौकटींचा, काठापासून सुरुवात करून चारही बाजूंनी फिरत फिरत आत मध्यापर्यंत यायचे. तिसरा चौकड्यांचा, म्हणजे उभ्या ओळींवर आडव्या ओळी. चौथा तिरप्या ओळींचा, ज्यातून शंकरपाळे तयार होतात.

कागदावर चारही सारखेच सोपे. कापडावर मात्र प्रत्येकाचा स्वभाव निराळा. कापडाला ताणा असतो, बाणा असतो. या दोन दिशांनी ओढले तर ते फारसे लांबत नाही. उरेब ओढले की मात्र रबरासारखे सुटते, हे कोणताही शिंपी सांगेल. म्हणून तिरप्या ओळी दिसायला देखण्या असल्या तरी शिवताना कापड सरकते, चुण्या पडतात आणि चौकोनी गोधडी शेवटी पतंगासारखी होते. तिरप्या ओळी घालायच्याच असतील तर आधी सगळीकडे वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालून थर बांधून घ्यावेत. नवशिक्या मुलींनी पहिल्या गोधडीत उभ्या ओळी धराव्यात. त्यांना खूण करायलाही नको. चौकड्याचे किंवा पट्ट्यांचे लुगडे वर घेतले, की विणकराने आखून ठेवलेल्या रेषेवरून सुई आपोआप चालते.

फिरत्या चौकटींची गोधडी आपल्या बायकांची विशेष आवडती. त्याचे कारण रचनेत आहे. गोधडी जमिनीवर अंथरलेली असते, चार बाजूंना चौघी बसतात आणि प्रत्येकीच्या हाताशी आपापली कड असते. काम कडेकडून आत सरकते, तसतशा बायकाही गोधडीवरच सरकत आत येतात. मध्ये पोचेपर्यंत सुनेचे, सासूचे, शेजारणीचे सगळे बोलून झालेले असते! आपल्या सीमेलगत उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' शिवतात. त्याही कडेपासून सुरुवात करून आत येतात आणि चार कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची 'फुले' लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत.

शिवणयंत्राचा न्याय याच्या उलट. तिथे मधल्या ओळीपासून सुरुवात करून कडेकडे जावे, म्हणजे वरच्या कापडाचा फुगवटा बाहेर निघून जातो. शिवाय सगळ्या ओळी एकाच दिशेने घालाव्यात. एक जाताना, एक येताना अशा घातल्या तर यंत्र वरचा थर एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलते आणि दोन ओळींमधले कापड पिळवटल्यासारखे दिसते.

दोन बोटे की चार?

दिशा ठरली की प्रश्न उरतो अंतराचा, आणि माझ्या मते खरी निवड इथेच आहे. जरा हिशेब करून पाहू. सहा फूट लांब, साडेचार फूट रुंद अशी गोधडी धरा. एक-एक इंचावर उभ्या ओळी घातल्या तर चोपन्न ओळी होतात, म्हणजे ३२४ फूट शिवण. इंचाला चार टाके धरले तर साडेपंधरा हजार टाके! अंतर दीड इंच केले तर छत्तीस ओळी आणि २१६ फूट. गंमत अशी की ओळी उभ्या घाला, आडव्या घाला किंवा चौकटींनी फिरवा, अंतर तेच असेल तर दोरा जवळपास तेवढाच लागतो. फक्त चौकडे घातले की काम दुप्पट.

पण अंतर काही केवळ कष्टांच्या हिशेबाने ठरत नाही. ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. दोरे जितके जवळ, तितके थर दाबले जातात. गोधडी टिकाऊ होते, पण ताठ आणि जरा कमी उबदार. दोरे दूर, तर ती मऊ आणि फुगीर राहते, पण थर आतल्या आत सरकतात. आमच्या गल्लीत पूर्वी एक म्हातारी बाई मजुरीने गोधड्या शिवत असे. माझे पहिलेवहिले काम पाहून ती म्हणाली होती, 'काहून जी, एवढे जवळ जवळ दोरे घालता? पांघराले करता का बसाले?' त्या एका प्रश्नात सगळे शास्त्र आले. अंथरायची गोधडी घट्ट हवी, एक-दीड बोटावर दोरे हवेत. पांघरायची सैल हवी, तीन-चार बोटे चालतील. आपल्या नागपुरात तर दोन्ही लागतात. डिसेंबरात पांघरायला आणि मे महिन्यात गच्चीवर अंथरायला. आत कापूस भरला असेल तर मात्र सैलपणा परवडत नाही. पिंजलेला कापूस एक-दोन धुण्यांत गोळा होतो, म्हणून तिथे ओळी जवळच हव्यात. तान्ह्या बाळाच्या दुपट्याचे उलटे. त्यात थर मुळातच दोन-तीन. तिथे दाट दोरे घातले तर बाळाच्या अंगाला ते पुठ्ठ्यासारखे लागते.

कापडाचेही ऐकावे

आई गेली तेव्हा तिची चार सुती लुगडी मागे राहिली. आम्ही तिघी बहिणी आणि एक वहिनी. बोहारणीला द्यायचा तर प्रश्नच नव्हता. एकीला वाटले, यंत्रावर शिवून घ्यावे, एका दिवसात काम होईल आणि ओळी फूटपट्टीने आखल्यासारख्या येतील. वहिनी म्हणाल्या, 'वन्सं, तुम्ही ठरवा.' आणि मी आठ दिवस ती लुगडी समोर ठेवून नुसती बसून राहिले. कारण जीर्ण लुगडे एकदाच शिवता येते. उसवून पुन्हा शिवू म्हटले तर हातात सूतच येते.

नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट. त्याची चौपदरी घडी घातली की पावणेसात फुटांची, चार थरांची गोधडी आयती तयार होते; आपल्या आज्यांनी हे माप काही उगाच धरले नव्हते. पण नेसून नेसून लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याच्या जागी आणि कासोट्याला ते विरते, पदर मात्र शाबूत राहतो. तेव्हा विरलेला भाग आतल्या थरांत आणि पदर वर, हे आधी ठरले. मग दोरे. यंत्राची शिवण इंचाला दहा-बारा भोके पाडते आणि ओढून घट्ट बसते. नव्या कापडाला ते शोभते. विरलेल्या सुताला तीच ओळ पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते, फाटायला सोयीची. हाताचा टाका सैल असतो, कापडाबरोबर हलतो. म्हणून हातानेच शिवायचे ठरले. काठाशी समांतर उभ्या ओळी, अंतर तीन बोटे. एका ओळीतला टाका शेजारच्या ओळीतल्या टाक्यासमोर येऊ द्यायचा नाही, विटांच्या थरासारखा सांधा चुकवायचा, म्हणजे कापडावरचा ताण एका जागी साठत नाही. दोरा सुती, हातभर लांबीचाच. तुटला तर तेवढाच उसवतो. अस्तराचा मांजरपाट आधी रात्रभर भिजवून वाळवला, नाहीतर पहिल्या धुण्यात तोच आटतो आणि वरच्या लुगड्याला ओढ बसते. चार गोधड्यांना दोन हिवाळे लागले. चौघींच्याही घरी त्या रोज वापरात आहेत, कपाटात ठेवून दिलेल्या नाहीत.

पुढच्या पिढीपुढे अडचण वेगळी आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हापासून हे शहर सुताचे. पाचपावली, गोळीबार चौकाकडच्या हलबा-कोष्टी विणकरांच्या मागांवरची सुती लुगडी घरोघरी असत. आज मिलच्या जागी मॉल आहे आणि कपाटांत बव्हंशी सिंथेटिक साड्या. त्या विरत नाहीत हे खरे, पण घामही टिपत नाहीत, आणि एकावर एक ठेवल्या की निसटतात. त्यांचीच गोधडी करायची तर मधला थर जुन्या सुती चादरीचा घ्यावा आणि ओळी दोन बोटांपलीकडे जाऊ देऊ नयेत.

चिंधीची प्रतिष्ठा

सरळ टाक्याचे हे शहाणपण काही आपल्या एकट्याचे नाही. बंगालची कांथा जुन्या साड्यांचीच, आणि पूर्वी तिचा दोराही साडीच्या काठातून उसवून काढलेला. उत्तर जपानातल्या शेतकरी बायका निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने सरळ ओळी घालून थंडीचे कपडे जाड करीत. त्याला साशिको म्हणतात. अमेरिकेत अलाबामातल्या जीज् बेंड नावाच्या गावी कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या.

आपल्याकडे चिंधीला प्रतिष्ठा दिली ती अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी. ठिगळांचे वस्त्र पांघरून ते गावोगाव झाडू मारीत हिंडले आणि लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणू लागले. आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. गोधडी शिवणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र अजून 'जुन्याच कापडाची तर आहे, एवढे काय मागता?' हेच वाक्य येते. तिने घातलेले साडेपंधरा हजार टाके कुणी मोजत नाही. उद्या कुणाकडून गोधडी विकत घ्याल तेव्हा घासाघीस करण्याआधी एक करा. ती उलटी करा, एका ओळीवर बोट ठेवा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश न्या. बोट थकेल. मग ठरवा, काय द्यायचे ते.