टार्गेट पिस्तूल अचूक करायचं तर

२५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल स्पर्धेच्या प्रिसिजन फेरीत दहाच्या वर्तुळाचा व्यास असतो ५० मिलिमीटर. पाच मिनिटांत पाच गोळ्या, अशा सहा मालिका. त्यानंतरच्या रॅपिड फेरीत हे वर्तुळ दुप्पट मोठं होतं, पण एका गोळीला मिळतात तीन सेकंद, आणि तेवढ्यात खाली झुकवलेला हात वर आणून नेम साधायचा असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात, शूट-ऑफनंतर, सुवर्णपदक जिंकलं. गुण घसरले की नवा नेमबाज बहुधा पिस्तुलाला दोष देतो आणि नवं घ्यायच्या विचाराला लागतो. त्याआधी थोडी तपासणी करायला हवी.

आधी पिस्तुलाची परीक्षा

रेंजवर पिस्तूल भक्कम टेकूवर ठेवून, एकाच जातीच्या काडतुसांनी दहा गोळ्या झाडा. चांगल्या टार्गेट पिस्तुलाचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, दहाच्या वर्तुळात आरामात मावतो. ग्रुप घट्ट आहे पण एका बाजूला सरकलाय, तर रिअर साइटचे क्लिक फिरवले की काम झालं. ग्रुपच विखुरला असेल, तर पुढे वाचा.

काडतुसं आणि सफाई

पॉइंट टू-टूची प्रत्येक बॅरल आपली आवड ठेवून असते. एकाच कंपनीचे दोन लॉटही तिच्यातून वेगवेगळे ग्रुप देतात. म्हणून तीन-चार प्रकार टेकूवरून झाडून बघावेत आणि जमलेला लॉट एकदम घेऊन ठेवावा. वेग आवाजापेक्षा कमी असलेली स्टँडर्ड काडतुसंच घ्या. हाय व्हेलॉसिटीने धक्का वाढतो, बोल्ट जोरात मागे आदळतो आणि पुढच्या गोळीसाठी हात सावरायला वेळ लागतो.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोळी मॅगझिनमधून वर सरकते. मॅगझिनचे ओठ वाकले असतील, तर शिशाच्या मऊ गोळीला ओरखडा पडतो आणि ती भरकटते. चेंबरमधली काजळी आणि मेण नियमित काढा. साइट आणि ग्रिपचे स्क्रूही प्रत्येक सरावाआधी तपासा.

ग्रिप

डोळे मिटून हात उचला, मग डोळे उघडा. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेच्या मध्यावर दिसली पाहिजे. दर वेळी ती एकाच बाजूला दिसत असेल, तर मनगट वळवून ती जागेवर आणू नका, ग्रिपचं लाकूड घासा किंवा पुट्टी भरा. वळवलेलं मनगट मालिकेच्या शेवटी थकतं आणि आपल्या जागी परत जातं.

साइट: सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

दोन्ही साइटमधलं अंतर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असतं. फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी ११ सेंटिमीटरहून जास्त चुकते, म्हणजे दहाऐवजी सहा. उलट, साइट जुळलेल्या असताना अख्खा हात एक सेंटिमीटर हलला, तर गोळीही सेंटिमीटरभरच हलते. म्हणून हात थरथरतोय याची चिंता करू नका, तो सगळ्यांचाच हलतो. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, तेव्हा नजर फ्रंट साइटवर ठेवा आणि लक्ष्य धूसर दिसू द्या. काळ्या भागाखालच्या पांढऱ्या पट्ट्यात नेम धरला की हे सोपं जातं, कारण काळ्या साइटच्या कडा पांढऱ्यावर स्वच्छ दिसतात.

ट्रिगर

या प्रकारात ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम लागतो आणि स्पर्धेत तो वजन लटकवून मोजला जातो. हलका करण्यासाठी घरी कानस चालवू नका. सिअर, म्हणजे हॅमर अडवून धरणारा भाग, बिघडला तर एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात. हे काम आर्मररचं. आपल्या हाती आहे तो बोटाचा सराव: पहिला टप्पा झटकन घ्या, दुसऱ्यावर दाब सरळ मागे, न थांबता वाढवत न्या. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली डावीकडे जमू लागल्या, तर तो बहुधा बोट झटकत असतो.

यावर ड्राय फायरिंगसारखा, म्हणजे गोळीविना ट्रिगर दाबण्यासारखा, उपाय नाही. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, ड्राय फायरची सोय वापरा, नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळते. समोर लक्ष्य नको, कोरी भिंत हवी. ट्रिगर सुटताना फ्रंट साइट खाचेत हलली का, तेवढंच पाहा. हलली तर पुढचा दाब आणखी सावकाश.