पोच

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गटाराचे झाकण गेले. मी फोटो काढून तो पालिकेच्या अधिकृत खात्याला उद्देशून ‘एक्स’वर टाकला. अकरा मिनिटांत उत्तर आले : ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.’ शेवटी जोडलेले हात. शेजारच्या निवृत्त शिक्षिकेला मी ते कौतुकाने दाखवले. बाईंनी विचारले, ‘‘यावर आवक क्रमांक कुठे आहे?’’

तो नव्हता. आठवडा गेला, झाकण आले नाही. मग बाईंनी साध्या कागदावर अर्ज लिहिला, विभाग कार्यालयात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. त्यानंतरही झाकण बसायला बारा दिवस लागले. पण त्या काळात अर्ज कोणत्या टेबलावर आहे, हे त्यांना विचारता येत होते. मला येत नव्हते. या फरकामुळे समाजमाध्यमांवरचे शासन नेमके काय करते, ते मी तपासू लागलो.

आपल्याकडे याला धोरणाची चौकट २०१२ मध्ये मिळाली. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने शासकीय संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खाते कशासाठी उघडायचे, उत्तर कोणी द्यायचे, नोंद कशी ठेवायची, याचा विचार त्यांत आहे. जुलै २०१४ मध्ये ‘मायगव्ह’ सुरू झाले, डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई पोलिस ट्विटरवर आले, तर डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने ‘ट्विटर सेवा’ सुरू केली.

अभ्यासक इनेस मेर्गेल यांनी अमेरिकी संघीय खात्यांच्या अशा वापराचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला, माहिती लोकांपर्यंत ढकलणे. दुसरा, लोकांकडून प्रतिसाद ओढून घेणे. तिसरा, दोन्ही बाजूंनी संवाद राखणे. मुंबई पोलिस चित्रपटातल्या संवादाला कोपरखळी देऊन हेल्मेटची आठवण करतात, तो पहिला प्रकार. तो क्षुल्लक नाही. चौकीची पायरी चढायला बिचकणाऱ्या माणसाची भीड त्यामुळे थोडी चेपते. पण भीड चेपणे आणि दाद लागणे या दोन गोष्टी आहेत.

दाद लागल्याचे ठळक उदाहरण रेल्वेचे. सुरेश प्रभू नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. धावत्या गाडीतून कोणी बाळासाठी दूध मागावे, कोणी त्रास होत असल्याचे कळवावे आणि पुढच्या स्थानकावर मदत यावी, अशा घटनांच्या बातम्या तेव्हा झाल्या. त्याचे श्रेय आपण ट्विटरला देतो. मला ते अर्धेच खरे वाटते. गाडी क्रमांक, डबा, आसन कळले की पुढचे स्थानक कोणते आणि तिथे कोण कामावर आहे, हे रेल्वेला ठाऊक असते. नियंत्रण कक्ष रात्रंदिवस जागा असतो. ही यंत्रणा आधीपासून होती. समाजमाध्यमाने तिच्यापर्यंत जाणारी वाट जवळची केली. गटाराला मात्र पीएनआर नसतो. आत तशी यंत्रणा नसेल, तर जलद उत्तर म्हणजे निरोप घेतल्याचा निरोप.

शिवाय हे उत्तर चारचौघांत दिलेले असते. त्यामुळे काम किती दिवसांत झाले यापेक्षा उत्तर किती मिनिटांत गेले, याकडे लक्ष वळते. ज्याचे अनुयायी जास्त, त्याची तक्रार चटकन डोळ्यांत भरते. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याचे गटार कोणाला दिसतच नाही. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणे ही त्यातली तिसरी पायरी, मत विचारणे चौथी. निर्णयात वाटा मिळतो, तो सहाव्या पायरीपासून पुढे. आपली बहुतेक सरकारी खाती तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उभी आहेत, असे मला दिसते.

आणखी एक अडचण आहे : हा चव्हाटा सरकारचा नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक प्राधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरवर रेल्वे-बसच्या तातडीच्या सूचना देणे थांबवले, कारण कंपनीने स्वयंचलित संदेशांसाठी शुल्क लावायचे ठरवले होते. पुढे सार्वजनिक सेवांना सवलत मिळाली आणि सूचना पुन्हा सुरू झाल्या; पण सूचना द्यायची की नाही, हे काही दिवस एका खासगी कंपनीच्या दरपत्रकावर अवलंबून राहिले.

म्हणून सरकारने समाजमाध्यमे सोडावीत, असे मी म्हणणार नाही. उपाय साधा आहे. केंद्राच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर प्रत्येक तक्रारीला नोंदणी क्रमांक मिळतो. समाजमाध्यमावर आलेली तक्रारही अशाच नोंदवहीत चढावी. उत्तरात क्रमांक, जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि मुदत असावी. जोडलेले हात नसले तरी चालतील.

आमच्या गल्लीत आता झाकण आहे. माझ्या तक्रारीखाली अजूनही तेच उत्तर दिसते, काम झाल्याची नोंद नाही. बाईंनी मात्र शिक्क्याची प्रत जपून ठेवली आहे. ‘‘पुन्हा गेलं तर मागच्या अर्जाचा संदर्भ देता येतो,’’ असे त्या म्हणाल्या.