नाव लिओ, प्रश्न कामाचा

रोमच्या गादीवर नवा पोप बसला की तो नवे नाव घेतो. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या रॉबर्ट प्रीव्होस्ट यांनी ‘लिओ’ हे नाव घेतले, तेव्हा अनेकांना त्यात फारसे काही वाटले नाही. त्या नावाचे तेरा पोप आधीच होऊन गेले होते. पण दोनच दिवसांनी, १० मे रोजी, कार्डिनलांपुढे बोलताना त्यांनी या निवडीचे कारण सांगितले. तेराव्या लिओंनी पहिल्या मोठ्या औद्योगिक क्रांतीच्या काळात कामगारांचा प्रश्न हाती घेतला. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपाने तशीच दुसरी क्रांती दारात उभी आहे आणि माणसाची प्रतिष्ठा, न्याय व श्रम यांच्यापुढे तिने नवे आव्हान ठेवले आहे, असे त्यांचे म्हणणे.

संगणकाच्या भानगडीत धर्मगुरूचे काय काम, असे कोणी विचारील. ऊर्जानगरच्या माणसाला मात्र हे कारण चटकन कळते. आमची वसाहतच यंत्रासाठी वसलेली. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे आणि २१० मेगावॅटचे पहिले दोन संच कायमचे बंद झाले आहेत. बंद पडलेल्या संचाला कसले आले दुःख? दुःख असते ते त्याच्याभोवती राबणाऱ्या हातांना. त्यातही कायम कामगाराचे वेगळे आणि कंत्राटी कामगाराचे वेगळे.

तेराव्या लिओंचे ते प्रसिद्ध पत्र १५ मे १८९१ चे. ‘रेरुम नोव्हारुम’ या नावाने ते ओळखले जाते. योग्य मजुरी, संघटना बांधण्याचा हक्क, रविवारची विश्रांती या गोष्टी त्यात चर्चच्या अधिकाराने मांडल्या आहेत. त्याच पत्रात खासगी मालमत्तेची पाठराखण आहे, समाजवादाला विरोधही आहे. तेव्हा ते काही लाल बावट्याचे पत्रक नव्हे. आणि आपल्याकडच्या कामगारांनी रोमची वाट पाहिली असेही नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली ती त्याच्या आदल्या वर्षी, १८९० मध्ये. तुम्ही आज ही पुरवणी निवांत चाळत बसला आहात, त्यात लोखंड्यांचा वाटा आहे.

तेव्हाचे यंत्र हाताचे काम मागत होते. आताचे यंत्र तोंडाचे काम मागते आहे, आणि धर्मगुरूचे तर मुख्य कामच बोलण्याचे. ९ जून २०२३ रोजी जर्मनीतल्या फ्युर्थ गावी सेंट पॉल चर्चमध्ये तीनशेवर माणसांसमोर चाळीस मिनिटांची प्रार्थनासभा झाली. प्रवचन, प्रार्थना, आशीर्वाद, जवळजवळ सगळे चॅटजीपीटीने रचलेले. पडद्यावरच्या कृत्रिम आकृत्यांनी ते म्हणून दाखवले. ऐकणाऱ्यांत कौतुक करणारे होते, तसे ‘यात जीव नाही’ म्हणणारेही होते.

हे यंत्र बोलते कसे, ते समजायला मुशायऱ्यात बसून पाहावे. कवी शेराची पहिली ओळ म्हणतो, दुसरी अर्ध्यावर आणतो आणि मुरलेले श्रोते काफिया-रदीफ त्याच्याआधीच म्हणून मोकळे होतात. त्यांना कवीचे मन कळले असते असे नाही. हजारो शेर ऐकून या वळणावर कोणता शब्द येणार, हे त्यांच्या कानाला ठाऊक झालेले असते. यंत्रही हेच करते, पण अवाढव्य प्रमाणावर. अफाट मजकूर पचवून कोणत्या शब्दांपाठोपाठ कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे ते शिकलेले असते. म्हणून त्याचे प्रवचन प्रवचनासारखेच वाटते. आणि म्हणूनच ते कधी कधी बेधडक खोटेही सांगते. ओळ वजनात बसली की त्याचे काम झाले.

अमेरिकेत ‘कॅथॉलिक ॲन्सर्स’ नावाच्या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये ‘फादर जस्टिन’ नावाचा यंत्रपाद्री लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला बसवला. त्याने पापांची क्षमा देऊन टाकली. बाटलीतल्या खेळाडूंच्या सरबताने बाप्तिस्मा दिला तर चालेल, असाही निर्वाळा दिला! संस्थेने एक-दोन दिवसांतच त्याचा झगा काढून घेतला आणि त्याला साधा जस्टिन केला. हसण्यासारखीच गोष्ट आहे, पण हसून झाल्यावर विचार करावा. खरा पाद्री चुकला तर त्याच्यावर बिशप असतो, जाब विचारणारी मंडळी असते, त्याला स्वतःला लाज असते. जस्टिनचा जाब कोणाला विचारायचा?

त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या लुसर्न शहरात एका जुन्या चर्चच्या कबुलीजबाबाच्या खोलीत येशूचे रूप घेतलेले यंत्र ठेवले होते. ते सुमारे शंभर भाषांत बोलत होते. मात्र आत जाणाऱ्याला आधीच सूचना होती की, आपली खासगी माहिती सांगू नका. ज्या खोलीत माणूस फक्त खासगीच सांगायला जातो, तिथे ही पाटी! माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म त्या पाटीत आहे. पाद्र्याने कानी पडलेली कबुली मरेपर्यंत बाहेर काढायची नसते. यंत्राकडे गेलेले शब्द कुठल्या कंपनीच्या कुठल्या कोठारात पडतात, ते लुसर्नच्या त्या चर्चलाही छातीठोकपणे सांगता आले नसते.

पोप लिओ यांना स्वतःलाही असा प्रस्ताव आला होता. त्यांची यांत्रिक प्रतिमा तयार करू, म्हणजे जगात कोणालाही घरबसल्या पोपची भेट घेता येईल. त्यांनी परवानगी नाकारली. २०२५ मधल्या एका मुलाखतीत त्यांनी हे सांगितले आहे. न मागताही त्यांच्या प्रतिमा निघाल्याच. निवडीनंतर काही दिवसांतच, त्यांनी बुर्किना फासोच्या लष्करी शासकाची स्तुती केल्याची बनावट चित्रफीत जगभर फिरली.

त्यांच्या आधीचे पोप फ्रान्सिस १४ जून २०२४ रोजी इटलीत जी-७ च्या बैठकीत याच विषयावर बोलले होते. भारताचे पंतप्रधानही त्या सभेला होते. फ्रान्सिस यांनी एक भेद सांगितला. यंत्र अनेक पर्यायांतून निवड करते. निर्णय माणूस घेतो, कारण निर्णयात मन गुंतलेले असते. हा भेद चंद्रपूरकराला पुस्तकाशिवाय समजावा. ताडोबाच्या बफर क्षेत्रात सीतारामपेठ गावाजवळ २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसले. समोरून येतो तो वाघ की गाय, हे कॅमेरा ओळखतो आणि गावाला इशारा मिळतो. ही झाली निवड. पण त्या सकाळी तेंदूपत्त्याला जायचे की नाही, हे घरातली बाई ठरवते, आणि ठरवताना तिला वाघाबरोबर घरातले रिकामे डबेही दिसत असतात. पोपने नावाचे कारण सांगितले त्याच शनिवारी, १० मे २०२५ रोजी, सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. यंत्र वाईट, असे मी म्हणत नाही. असे कॅमेरे आणखी गावांना मिळायला हवेत. पण मजुरी आणि जीव यांचा हिशेब कॅमेऱ्यावर ढकलता येत नाही, आणि तेराव्या लिओंचे पत्र याच हिशेबाविषयी आहे.

आता आपल्या दारचे चर्च पाहू. बल्लारपूर हे सिरो-मलबार चर्चच्या चांदा धर्मप्रांताचे मुख्य ठाणे. १९६२ मध्ये इथे स्वतंत्र कारभार सुरू झाला आणि १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. हे चर्च मूळ केरळचे. मल्याळममध्ये वाढलेल्या पाद्र्याला इथे येऊन मराठी-हिंदीत बोलायचे असते. अशा माणसाला यंत्राचा मोह पडणे साहजिक आहे. मल्याळममध्ये चार मुद्दे सांगितले की मिनिटभरात सफाईदार मराठी प्रवचन हाती. क्रियापद चुकायला नको, लिंग चुकून पोरे हसायला नकोत.

पण मराठीने या बाबतीत दुसरा नमुना पाहिला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले १६१६ मध्ये. मधली ३७ वर्षे तो इथल्या लोकांत राहिला, त्यांची बोली आणि त्यांची ओवी शिकला आणि दहा हजारांवर ओव्या लिहून गेला. गंमत म्हणजे त्या काळचे नवे यंत्र, छापखाना, त्याच्या मदतीला पुरते आलेच नाही. गोव्यात मुद्रण १५५६ पासून होते, पण देवनागरीचे इतके खिळे पाडणे जमेना. म्हणून हे मराठी पुराण रोमी अक्षरांत छापावे लागले. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले.

मी मुसलमान. चर्चने काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण शुक्रवारचा खुतबा देणाऱ्या इमामापुढे आणि सप्ताहातल्या कीर्तनकारापुढेही हाच मोह उभा आहे, म्हणून बोलतो. संदर्भ शोधायला, शुद्धलेखन तपासायला यंत्र खुशाल वापरावे. माझी हरकत आहे ती चुका वाचवण्याला. परक्या भाषेत अडखळणारा पाद्री चुकतो, तेव्हा समोरची म्हातारी त्याला शब्द सुचवते. त्या क्षणी ती त्याची गुरू होते आणि त्याला गावात जागा मिळते. यंत्राने दिलेल्या बिनचूक प्रवचनात तिला सुचवायला काही उरत नाही.

गडचिरोलीकडे तर मराठीही पुरत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे यंत्र चाचणीसाठी खुले केले. संथाली, भिली, मुंडारी यांच्याबरोबर त्यात गोंडी आहे. चांगलेच झाले. पण गोंडी काही एकसारखी नाही. आदिलाबादकडची वेगळी, भामरागडच्या माडियांची बोली आणखी वेगळी. यंत्राने काढलेले वाक्य तिथल्या माणसाला आपले वाटते की नाही, हे एटापल्ली-भामरागडच्या गावांतले लोकच सांगू शकतील. आणि त्यांना विचारायला, पाद्री असो की सरकारी बाबू, कुणाला तरी पावसाळ्याच्या आत तिथवर पोहोचावे लागेल.