कावीळ 'ब' : आहे की नाही, आणि किती?

कावीळ हा शब्द आपल्या घरात नवा नाही. डोळे पिवळे दिसू लागले, अन्नावरची वासना उडाली, की घरातील वडीलधारी माणसे निदान करून मोकळी होतात; आणि कृष्णाकाठच्या गावांतून कावीळ 'उतरविणारा' एखादा जाणता अजूनही सापडतो. गळ्यात माळ पडते, काही आठवड्यांत पिवळेपणा ओसरतो आणि श्रेय माळेला मिळते. पाण्यातून येणारी कावीळ बहुधा आपल्या पावलांनी येते आणि आपल्या पावलांनीच जाते, एवढेच त्यातले रहस्य. कोल्हापुरात १९८१ साली आणि इचलकरंजीत २०१२ साली ज्या साथी आल्या, त्या अशाच दूषित पाण्याच्या होत्या. अर्थात तीही कोणाकोणाचा प्राण घेते, विशेषतः गरोदर स्त्रियांचा. म्हणून तिलाही क्षुल्लक मानू नये.

परंतु ह्याच नावाचा दुसरा एक रोग आहे, त्याची चाल अगदी निराळी आहे. त्याला डॉक्टर हिपॅटायटिस बी म्हणतात. आपण त्यास कावीळ 'ब' म्हणू. तो पाण्यातून येत नाही. रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून, आणि बाळंतपणात आईकडून मुलाला येतो. गुजरातमधील मोडासा येथे २००९ साली ह्याच रोगाची साथ आली आणि अनेक माणसे दगावली; वापरलेल्या सुया व सिरिंजा पुन्हा वापरल्याचा तो परिणाम होता. आणि सर्वांत फसवी गोष्ट ही, की पुष्कळांच्या बाबतीत ह्या 'काविळी'त डोळे पिवळे होतच नाहीत. माणूस शेतात राबतो, कारखान्यात पाळी करतो, आणि विषाणू यकृतात वर्षानुवर्षे बिऱ्हाड करून असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात अशी सुमारे २ कोटी ९८ लाख माणसे होती.

मग ह्या रोगाचा पत्ता लागतो कसा? पुष्कळदा अकस्मात. साताऱ्यात किंवा सांगलीत एखाद्या जयंतीनिमित्त रक्तदानाचे शिबिर भरते. आपल्या देशात दान केलेल्या रक्ताची प्रत्येक पिशवी कावीळ 'ब'साठी तपासणे कायद्याने बंधनकारक आहे. काही दिवसांनी एखाद्या धडधाकट तरुणाला रक्तपेढीतून बोलावणे येते आणि हाती एक कागद पडतो : 'पॉझिटिव्ह'. येथून पुढे दोन चुका होतात. कोणी हाय खातो. घरात त्याचे ताट-वाटी वेगळी होते, ठरत आलेले लग्न मोडते. कोणी तो कागद ट्रंकेच्या तळाशी घालतो आणि विसरतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच : त्या कागदाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, हे कोणी विचारीत नाही. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे की, 'आहे की नाही' हा एक प्रश्न आणि 'किती, व काय करीत आहे' हा दुसरा प्रश्न. पहिल्या कागदावर पहिल्याच प्रश्नाचे उत्तर असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. १९६३ च्या सुमारास बारूक ब्लुमबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ काविळीच्या मागावर नव्हतेच. निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील भेद ते पाहत होते. ज्यांना पुष्कळ वेळा परक्याचे रक्त चढविले आहे, अशा रुग्णांच्या रक्तात परक्या पदार्थांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. अशा एका रुग्णाची रक्तलसी त्यांनी अगरच्या पातळ थरातील एका खळग्यात ठेवली आणि शेजारच्या खळग्यांत ठिकठिकाणच्या लोकांची. दोन्ही रस अगरमधून एकमेकांकडे झिरपतात आणि जेथे जोडी जुळते तेथे पांढरी रेघ उमटते. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तलसीशी अशी रेघ उमटली. तो पदार्थ म्हणजे कावीळ 'ब'च्या विषाणूचे बाह्य आवरण होय, हे पुढील काही वर्षांत सिद्ध झाले. १९७६ साली ब्लुमबर्ग ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

ही रेघ उमटण्यास वेळ लागे आणि रक्तात तो पदार्थ भरपूर असावा लागे. पुढे किरणोत्सर्गी खूण लावलेल्या प्रतिपिंडांची पद्धत आली. ती शेकडो पटींनी सूक्ष्म होती, पण किरणोत्सर्गी द्रव्य सांभाळणे सोपे नव्हे. १९७१ साली स्वीडन व हॉलंड येथील शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गी खुणेऐवजी रंग आणणारे विकर जोडले. हीच आजची 'एलायझा' चाचणी. प्लॅस्टिकच्या खळग्याच्या तळाशी प्रतिपिंडे चिकटविलेली असतात. त्यावर रुग्णाची रक्तलसी घालतात. विषाणूचे आवरण असेल तर ते तळाशी अडकते, बाकीचे धुऊन जाते. मग विकर जोडलेली दुसरी प्रतिपिंडे घालतात व पुन्हा धुतात. शेवटी रंगद्रव्य घातले की जेथे आवरण अडकले आहे तेथेच रंग चढतो. दवाखान्यात मिळणारी दोन रेघांची पट्टी हीही ह्याच कुळातली. तिच्यात रंगाचे काम सोन्याचे सूक्ष्म कण करतात.

चाचणी कितीही चांगली असली तरी ती क्वचित चुकते, आणि त्याचा हिशेब सामान्य माणसाने समजून घेतला पाहिजे. समजा, शिबिरातील १,००० दात्यांपैकी १० जणांना खरोखर संसर्ग आहे आणि चाचणी निरोगी माणसांपैकी दर २०० त एकालाच चुकून दोषी ठरविते. ९९० निरोगी माणसांत असे सुमारे ५ जण निघतील. म्हणजे ज्या १५ जणांना 'पॉझिटिव्ह' म्हटले, त्यांतले ५ जण निर्दोष! म्हणून चाचणी पुन्हा करावी लागते. काही वेळा नमुन्यात मुद्दाम प्रतिपिंडे घालून पाहतात. रंग फिका पडला तर पहिले उत्तर खरे. शिवाय ह्या रोगाची लस त्याच आवरणाची केलेली असल्यामुळे, लस टोचल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चाचणी उगीचच 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. उलट संसर्ग नुकताच, चार-दोन आठवड्यांमागे झाला असेल, तर ती 'निगेटिव्ह'ही येते.

आता खात्री झाली असे धरू. पुढचा प्रश्न : संसर्ग नवा की जुना? विषाणूच्या गाभ्याविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडे जोरात असतील तर बहुधा नवा. प्रौढ माणसाला नव्याने संसर्ग झाला तर शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव जण तो आपोआप घालवितात. आवरण नाहीसे होते व त्याविरुद्धची संरक्षक प्रतिपिंडे दिसू लागतात. आवरण सहा महिन्यांनंतरही रक्तात राहिले तर तो दीर्घकालीन संसर्ग समजावा. तान्ह्या बाळाचे गणित नेमके उलटे आहे. जन्मतः संसर्ग झालेल्या दहांपैकी नऊ बालकांत तो कायमचा घर करतो.

येथे कोणी म्हणेल, आवरणच मोजले म्हणजे विषाणू किती ते कळेल. तसे होत नाही. हा विषाणू आपल्या गरजेपेक्षा हजारो पटींनी अधिक रिकामी आवरणे रक्तात सोडतो. सांगलीच्या पेठेत रिकाम्या पोत्यांची थप्पी पाहून येथे हळदीचा व्यापार आहे एवढे खात्रीने सांगता येईल. पण आज हळद किती आली हे सांगता येणार नाही. त्यासाठी भरलेली पोतीच मोजली पाहिजेत. विषाणूचे भरलेले पोते म्हणजे त्याचा डीएनए.

डीएनए मोजण्याची पद्धत पीसीआर. करोनाच्या साथीमुळे हे नाव घरोघरी पोचले. नमुन्यातील विषाणूच्या डीएनएची दर फेरीत दुप्पट होते. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. प्रत्येक फेरीनंतर यंत्र प्रकाश तपासते. मूळचा साठा मोठा असेल तर प्रकाश लवकर दिसतो, थोडा असेल तर उशिरा. सुमारे सव्वातीन फेऱ्यांचा उशीर म्हणजे साठा दहापट कमी. साताऱ्याचा आकडा आणि मिरजेचा आकडा एकाच मापाचा असावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण नमुना ठरवून दिला आहे, आणि उत्तर 'दर मिलिलिटरला इतकी आंतरराष्ट्रीय एकके' असे येते. हे माप दहापटींच्या पायऱ्यांचे आहे. गेल्या वेळी ४,००० आणि आता ६,००० आले म्हणून घाबरू नये; तेवढा फरक मोजमापातच पडतो. ४,००० चे ४,००,००० झाले तर मात्र ती खरी वाढ.

सांगलीकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कृष्णेत पाणी आहे, ह्या बातमीने कोणी घर सोडीत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, हे आपण विचारतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांवर गेले तेव्हा काय झाले, ते आपण पाहिले आहे. आणि वर साताऱ्याकडे कोयनेतून किती पाणी सोडले, हेही विचारतो. रक्तातील डीएनएचा आकडा म्हणजे कोयनेचा विसर्ग. यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारे एएलटी हे विकर म्हणजे काठची पडझड. दोन्ही मिळून निर्णय होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसात डीएनए २,००० एककांच्या वर आणि एएलटीही वाढलेले, तर उपचार सुरू करावेत. यकृतात व्रण धरू लागला असेल तर आकडा कितीही असो, उपचार हवेतच. गरोदर स्त्रीत आकडा २,००,००० किंवा त्याहून अधिक असेल तर तिला टेनोफोविर देऊन बाळाचा धोका पुष्कळ कमी करता येतो. आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस टोचणे, हे तर प्रत्येक घरी झालेच पाहिजे.

औषधाने हा विषाणू सहसा समूळ जात नाही, पण त्याला दाबून ठेवता येते, आणि यकृत आकसण्याचा व कर्करोगाचा धोका पुष्कळ घटतो. त्यासाठी ठराविक काळाने मोजत राहावे लागते, आणि आपल्या मनाने गोळ्या थांबवून चालत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ह्या तपासण्या व औषधे विनामूल्य देण्याची सोय आहे. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तिची चौकशी करावी.

तेव्हा ट्रंकेच्या तळाशी असा एखादा कागद पडला असेल, तर तो आज बाहेर काढावा. चाचणी पुन्हा करून घ्यावी. खरी ठरली तर डीएनए व एएलटी मोजून घ्यावे, आणि घरातील इतरांनी तपासणी करून लस टोचून घ्यावी. ताट-वाटी वेगळी करण्याचे कारण नाही. एकत्र जेवल्याने, हात हातात घेतल्याने हा रोग होत नाही. वस्तरा आणि सुई मात्र ज्याची त्याची असावी. नदीचे पाणी मोजणाऱ्या माणसांनी रक्तातला हा आकडा न मोजता नुसत्या भीतीवर जगावे, हे आपल्याला शोभत नाही.