बर्फावरील तोल व वळण

पायांस लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणें, यास स्कीइंग म्हणतात. आम्हीं स्वतः त्या फळ्या कधीं बांधिल्या नाहींत. तथापि पावसाळ्यांत शेवाळलेल्या उतारावरून जो मागें रेलून उतरला व आपटला, त्यास या विद्येचा पहिला धडा ठाऊकच आहे.

नवशिका भयानें मागें रेलतो. भय स्वाभाविक खरें, पण घात तेथेंच होतो. भार टांचांवर गेला कीं फळ्यांचीं टोकें हलकीं होऊन वळेनाशीं होतात, आणि ज्या वेगाचें भय वाटलें तोच वाढतो. म्हणून घोटे व गुडघे वाकवून, नडगी बुटाच्या पुढील भागास टेकेल असें उभें राहावें.

डावीकडे वळतांना भार उजव्या पायावर द्यावा, उजवीकडे वळतांना डाव्यावर. हें उलटें वाटेल. परंतु वळणाचा सारा जोर बाहेरच्या फळीवर येतो व तिची आंतली धार बर्फांत रुतून तो झेलते. वळणाच्या मध्यावर तोंड क्षणभर सरळ दरीकडे होतें. तेवढा क्षण न रेलतां काढणें हेंच अवघड.

१९२२ सालीं स्वित्झर्लंडांत म्यूरेन येथें खांबांमधून नागमोडी उतरण्याची आधुनिक स्लालोम शर्यत ज्यांनीं भरविली, ते आर्नल्ड लन १८८८ सालीं मद्रासेंत जन्मले. त्यांचे वडील मिशनरी होते.

सरावाकरितां वळतांना आंतला पाय किंचित् उचलून पाहतात. तो उचलेना, तर भार अद्याप चुकीच्या पायावर आहे असें समजावें.