कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी

रॉयल एनफिल्डच्या ‘क्लासिक ३५०’च्या नावात ३५० असले, तरी तिचे इंजिन ३४९ सीसीचे आहे. विम्याच्या हिशेबात ही एका सीसीची कसर मोठी ठरते. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीला थर्ड पार्टी विम्यासाठी वर्षाला १,३६६ रुपये पडतात, जीएसटी वेगळा. साडेतीनशेची रेषा ओलांडली की हाच हप्ता २,८०४ रुपयांवर जातो. आता याच इंजिनाचा सिलिंडर बोअर करून आत मोठा पिस्टन बसवला, तर बाहेरून काहीच कळत नाही. आरसी बुकात आकडा जुनाच राहतो, पॉलिसीही जुन्याच गटाची राहते. रस्त्यावर मात्र दुसऱ्याच गटातली गाडी धावू लागते.

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीचे हवे ते सामान मिळते. हँडल, आरसे, फॉग लाइट, सायलेन्सर, रुंद टायर, सगळे. बसवून देणारा मेकॅनिकही ओळखीचा निघतो. गाडी मॉडिफाय करणाऱ्या तरुणाला एकच धास्ती असते, चौकात पोलिसाने अडवण्याची. विमा कंपनीला काय सांगायचे, हा प्रश्न दुकानदार काढत नाही, मेकॅनिक काढत नाही आणि पॉलिसी देणारा एजंटही सहसा काढत नाही. तो निघतो गाडी पडल्यावर किंवा चोरीला गेल्यावर, आणि तोवर उत्तर हातातून गेलेले असते.

मुळात कायदा काय म्हणतो, ते आधी पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८चे कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाला करता येणार नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठाने केरळमधल्या एका प्रकरणात याच कलमाचा कडक अर्थ लावला आणि केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ बाजूला सारला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ नव्या रूपात आले. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची परवानगी लागते. गाडीचा रंगही आरसीत नोंदलेला असतो, म्हणून तो बदलला तर तीही नोंद करून घ्यावी लागते.

काही बदल मालकाच्या ध्यानीमनीही नसतात. मागच्या चाकाशी असलेला साडी गार्ड ‘लूक बिघडतो’ म्हणून काढून टाकणारे पुष्कळ आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायाला आधार आणि मागचे निम्मे चाक तरी झाकणारे संरक्षण, या तिन्ही गोष्टी सक्तीच्या करतो. चाकात पदर किंवा ओढणी अडकून झालेले अपघात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा नियम कशासाठी आहे हे समजावून सांगावे लागत नाही.

आता विम्याकडे. दुचाकीची जी पॉलिसी आपण एकच समजतो, तिच्या पोटात दोन वेगवेगळे करार असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, तो जखमी झाला किंवा त्याचे नुकसान झाले तर भरपाई देणारा. तो कलम १४६नुसार सक्तीचा आहे. दुसरा ‘ओन डॅमेज’चा, आपल्याच गाडीच्या मोडतोडीचा, आगीचा आणि चोरीचा. तो ऐच्छिक आहे. मॉडिफिकेशनचा परिणाम या दोहोंवर सारखा होत नाही. ‘सायलेन्सर बदलला की विमा रद्द’ हे कट्ट्यावरचे विधान म्हणूनच अर्धवट आहे आणि ‘काही होत नाही रे’ हेही तितकेच अर्धवट.

थर्ड पार्टीच्या बाबतीत कायदा रस्त्यावरच्या जखमी माणसाच्या बाजूने उभा राहतो, आणि तसेच असायला हवे. कोणाच्या धडकेने पाय मोडलेल्या भाजीवाल्या मावशींना त्या बाइकचे हँडल कंपनीचे होते की बाजारातले, याच्याशी काय देणेघेणे? विमा कंपनीला भरपाई नाकारण्यासाठी कोणकोणते बचाव घेता येतात, त्याची यादी पूर्वी कलम १४९मध्ये होती, आता ती कलम १५०मध्ये आहे. चालकाकडे परवाना नसणे, भाड्याने वापर, शर्यत, अशा बाबी तिच्यात येतात. साइडकार न जोडता मोटारसायकल चालवणे हाही त्या यादीतला एक बचाव आहे. एके काळी साइडकार जोडलेल्या स्कूटरवर अख्खी कुटुंबे फिरत, त्या जमान्याची ती खूण. सायलेन्सर, हँडल, टायर यांचा मात्र तिथे उल्लेख नाही.

महत्त्वाची माहिती लपवून किंवा खोटी सांगून पॉलिसी मिळवली, हा बचावही त्या यादीत आहे. वाढवलेल्या इंजिनाची गोष्ट इथे येऊन टेकते, कारण सीसीवर तर हप्ताच ठरतो. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २००४च्या स्वर्णसिंग खटल्यात, परवान्याच्या प्रश्नावर, घालून दिलेली कसोटी कंपनीला सोपी नाही. अटीचा भंग झाला एवढे दाखवून भागत नाही. तो भंग अपघाताला कारणीभूत होण्याइतका मूलभूत होता, हे कंपनीने सिद्ध करावे लागते. आणि अनेकदा न्यायाधिकरण कंपनीला सांगते, जखमीला आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. वकिलांच्या भाषेत ‘पे अँड रिकव्हर’. जखमीला पैसे मिळतात हे चांगलेच, पण वसुलीची नोटीस येते ती गाडीमालकाच्या घरी. ही रक्कम लाखांत असू शकते.

ओन डॅमेजमध्ये चित्र पालटते. इथे समोर कोणी तिसरा माणूस नसतो, मालक आणि कंपनी दोघेच. कंपनी जी जबाबदारी घेते तिला मर्यादा असते ‘आयडीव्ही’ची, म्हणजे गाडीच्या घोषित किमतीची. उत्पादकाच्या सूचीतल्या विक्री किमतीतून घसारा वजा करून ती निघते. गाडी दोन ते तीन वर्षांची असेल तर घसारा ३० टक्के, चार ते पाच वर्षांची असेल तर ५० टक्के. या हिशेबात बाहेरून बसवलेली एकही वस्तू आपोआप येत नाही. अगदी गाडीच्याच कंपनीच्या शोरूममधून विकत घेतलेल्या ॲक्सेसरीजही, त्या सूचीतल्या किमतीत धरलेल्या नसतील, तर वेगळ्या जाहीर कराव्या लागतात.

समजा, एकाने दोन लाखांची मोटारसायकल घेतली आणि लडाखच्या फेरीसाठी तिच्यावर आणखी साठ हजारांचे सामान चढवले. त्यात सामानाच्या पेट्या, विंडस्क्रीन आणि पंधरा हजारांचे जादा दिवे. अडीच वर्षांनी गाडी चोरीला गेली. कंपनीचा हिशेब दोन लाखांवर ३० टक्के घसारा लावून एक लाख चाळीस हजारांवर थांबेल. साठ हजारांचा विषयही निघणार नाही, कारण ते सामान कंपनीच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. पॉलिसी घेतानाच ते जाहीर केले असते, तर त्याचीही किंमत घसारा लावून जमेस धरली गेली असती. त्यासाठी पडणारे पैसे फार नसतात. २००२च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक जादा वस्तूंसाठी त्यांच्या किमतीच्या ४ टक्के हप्ता सांगितला आहे. पंधरा हजारांच्या दिव्यांना वर्षाला सहाशे रुपये. ओन डॅमेजचे दर पुढे खुले झाले, तेव्हा आज कंपनीनुसार आकडा थोडाफार बदलेल, पण अंदाज यायला एवढे पुरे.

दुचाकीच्या पॉलिसीत आणखी एक कलम आहे आणि ते फार थोड्यांनी वाचलेले असते. ॲक्सेसरीज चोरीला गेल्या तर भरपाई मिळते ती गाडीही त्यांच्याबरोबर चोरीला गेली तरच. पार्किंगमधून नुसते दिवे किंवा पेट्या कोणी काढून नेल्या, तर मूळ पॉलिसीत काही मिळत नाही. त्यासाठी दुचाकींपुरती एक वेगळी पुरवणी आहे, ‘आयएमटी ३३’. जाहीर केलेल्या सामानाबरोबर हीही मागून घ्यावी.

मोडतोडीच्या क्लेममध्ये गाठ पडते सर्व्हेअरशी. तो चासी क्रमांक पाहतो, आरसी पाहतो, फोटो काढतो आणि मूळ मॉडेलला कोणता भाग असतो ते ताडून बघतो. हँडल बाजारातले निघाले तर सर्वसाधारणपणे त्या भागाचे पैसे कापले जातात, बाकीचा क्लेम चालू राहतो. खरा वाद पेटतो, बदललेल्या भागामुळेच नुकसान झाले असा संशय आला तर. हेडलाइटच्या मूळ वायरिंगला छेद देऊन दिव्यांची जोडणी केली आणि गाडी जळाली, तर? आग आणि आपोआप पेटणे हे धोके पॉलिसीत समाविष्ट आहेत, पण विजेच्या यंत्रणेतला बिघाड वगळलेला आहे, आणि गाडी सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. कापलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली वायर दिसली की कंपनी या दोन वाक्यांवर बोट ठेवणार. सस्पेन्शन खाली उतरवलेली गाडी वळणावर घसरली, तरी प्रश्न तोच.

उलट, उभ्या असलेल्या गाडीला मागून टेम्पोने ठोकले, तर सायलेन्सर कोणता होता याचा त्या नुकसानाशी संबंध नाही. हा कार्यकारणाचा धागा न्यायालयांनी अनेकदा पकडला आहे. १९९६च्या बी. व्ही. नागराजू खटल्यात मालवाहू गाडीत मर्यादेपेक्षा जास्त माणसे बसवली होती. पण अपघात त्यामुळे घडलेला नसल्याने विमा पूर्णपणे नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. २०१०च्या अमलेंदू साहू प्रकरणात गाडी खासगी वापराची होती आणि वापर भाड्याचा झाला होता. तिथेही क्लेम सरसकट फेटाळणे न्यायालयाला मान्य झाले नाही. अशा प्रकरणांत ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोडीचा, म्हणजे मान्य होणाऱ्या क्लेमच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्ग असतो. हे निकाल मॉडिफाय केलेल्या दुचाकींचे नाहीत, पण ‘गाडी मॉडिफाय केली आहे, क्लेम नामंजूर’ अशा एका ओळीच्या पत्राला उत्तर लिहिताना ते हाताशी असावेत. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

सगळेच फेरफार विम्याच्या मुळावर उठतात असे नाही. गाडीला मान्यताप्राप्त चोरीरोधक यंत्र बसवले तर ओन डॅमेजच्या हप्त्यात अडीच टक्के सवलतीची तरतूद टॅरिफमध्ये आहे, कमाल ५०० रुपये. ही मान्यता देणारी संस्था म्हणजे पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय. त्याहून कितीतरी मोठी सवलत आहे दिव्यांग व्यक्तीसाठी खास बदललेल्या वाहनाला. मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर आपण रोज रस्त्यात पाहतो. त्या बदलाची नोंद आरटीओने आरसीवर केलेली असेल, तर ओन डॅमेजचा हप्ता टॅरिफनुसार निम्मा होतो. ही चाके गावातल्या वर्कशॉपमध्ये जोडून घेतली आणि नोंदीला कोणी गेलेच नाही, असे झाले की सवलत बुडते आणि क्लेमच्या वेळी तोच बदल अडचणीचाही ठरू शकतो. ज्याला कायद्याने निम्म्या हप्त्याचा मान दिला, त्याचे एका नोंदीपायी नुकसान व्हावे, हे बोचणारे आहे. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आणि आरटीओ कार्यालयांनी मिळून ही नोंदणी शिबिरे भरवून करून घ्यायला हवी.

गाडी तीच, पण वापर बदलला, असेही होते. स्प्लेंडरला दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडा जोडून दुधाचे कॅन नेणारा शेतकरी किंवा मागे पेटी बांधून घरोघरी जेवण पोचवणारा मुलगा कोणती हौस भागवत नसतो. तो पोट भरत असतो. पण खासगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते. भाड्याने वापर आणि मालवाहतूक तिच्यात बसत नाही. अपवाद फक्त नमुन्यांचा आणि स्वतःच्या सामानाचा. संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्याही वगळलेल्या आहेत, म्हणजे ट्रॅकवर हौसेने नेलेल्या गाडीला तिथे संरक्षण नाही. भाड्याच्या वापराचा धोका जेवण पोचवणाऱ्या मुलांना त्यांना कामावर घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगावा आणि योग्य पॉलिसीची सोय पाहावी. मुलांवरच सगळे ढकलणे न्याय्य नाही.

करायचे काय, ते अवघड नाही. प्रत्येक वस्तूचे पक्के बिल घ्यावे. आरसीतल्या तपशिलाला हात लावणारा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करू नये. बाकीच्या वस्तूंची यादी, बिले आणि फोटो विमा कंपनीला ईमेलने पाठवून पॉलिसीवर ‘एन्डॉर्समेंट’, म्हणजे बदलाची लेखी नोंद, मागावी. एजंटला फोनवर सांगितले, एवढ्यावर थांबू नये.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने तर दुप्पट सावध राहावे. विक्रीनंतर थर्ड पार्टीचे संरक्षण कलम १५७मुळे नव्या मालकाकडे आपसूक येते. ओन डॅमेजचे तसे येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. पॉलिसी नावावर करून घेण्यासाठी कायद्याने चौदा दिवसांची मुदत दिली आहे. आधीच्या मालकाने केलेले बदल नव्या मालकाच्या नावावर चढतात ते याच दिवसांत. आरसीवरचा इंजिन क्रमांक, रंग आणि सीसी गाडीशी जुळवून बघावे, जुने मूळ भाग विकणाऱ्याकडे पडून असतील तर तेही मागून घ्यावेत. पॉलिसीत खंड पडलेला असेल तर कंपनी गाडीची तपासणी करून फोटो घेते. त्या फोटोंत जादा दिवे, पेट्या आणि बदललेले हँडल स्पष्ट दिसतील अशी गाडी उभी करावी आणि तपासणी अहवालाची प्रत मागून आपल्याजवळ ठेवावी.